आत्याच्या नखाची कड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. आत्याला तर नाहीच.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेतून मुंबईत आलो, तेव्हा मुलुंडला आत्याने ठेवून घेतलं. ती एकटीच. बाहेरच्या खोलीत माझी पुस्तकं, स्वयंपाकघरात तिचं अंथरूण. मी बीएस्सी झालो ते तिच्या हातचं खाऊन — हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या लक्षात राहील.

मी एका इस्पितळात तंत्रज्ञ आहे. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेल्या रुग्णांचा तिथे अभ्यास चालला होता. या आजारात फक्त फुप्फुसं आणि हृदय बिघडतं, असं मला वाटायचं. तसं नाही. अंगभरच्या बारीक वाहिन्या विरळ होऊ शकतात — जिभेखाली, डोळ्यांत, नखाच्या कडेलासुद्धा. तिथे तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की त्या फणीच्या दातांसारख्या ओळीने दिसतात. तुलनेसाठी निरोगी माणसं लागत. ती मिळत नसत, म्हणून आम्ही आपापल्या घरची आणायचो.

मी आत्याला नेलं. ठेवणीतली साडी नेसून आली. म्हणाली, "घरचं खोबरेल आणायला हवं होतं रे. तुमचं तेल कसलं असतं कोण जाणे." सगळे हसले. मीही.

मग पाहिलं — फणीचे दात पडलेले. मधेमधे नुसती रिकामी जागा. दुसरं बोट पाहिलं. तेच.

एवढ्यावरून आजार ठरत नाही. भांडी घासून घासूनही नखाची कड खराब होते. पण मला तेवढंच माहीत होतं का? जिन्यात ती मधेच थांबायची, पिशवी खाली ठेवून शेजारणीशी बोलत राहायची. ते बोलणं दम खाण्यासाठी होतं — हे मला कळत नव्हतं?

अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम पलीकडच्या खोलीत होत्या. दार ढकलून सांगायचं, एवढंच.

का नाही सांगितलं? निरोगी म्हणून आजारी माणूस आणलं, असं म्हणतील — ही भीती होतीच. पण खरं ते नाही. सांगितलं असतं तर तपासण्या आल्या असत्या, रजा आल्या असत्या, घर माझ्यावर आलं असतं. नोकरी करता करता द्यायची पुढची परीक्षा तोंडावर होती. मला तिचं आजारपण नको होतं — मला डबा हवा होता.

चित्र नीट आलं नाही, असं मॅडमना सांगून मी ते पुसून टाकलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

"झकास आहेत नखं," मी म्हणालो.

त्यानंतर शेजारीण दवाखान्यात चल म्हणाली की आत्याचं उत्तर ठरलेलं, आमच्या पोराने मशीनमध्ये बघितलंय. वर्षभर ती तो जिना चढत राहिली. पाय सुजले, एक दिवस जिन्यातच भोवळ येऊन पडली, तेव्हा निदान झालं. आधी आणायला हवं होतं, मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली.

आता तिच्या नाकाला प्राणवायूची नळी असते. ती खाली उतरत नाही. शेजारीणही फारशी येत नाही. घरात यंत्राची घरघर, आणि आम्ही दोघं. डबा मीच करतो. परीक्षा पास झालो, हे तिने फोन करून सगळ्या गावाला सांगितलं.

रोज सकाळी बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजायचा असतो. बाई ठेवू या, असं मी एकदा सुचवलं. तिने नको म्हणून मान हलवली आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"तूच बघ रे. तू बघितलंस की मला घोर नसतो."

मी बोट हातात घेतो. थंड असतं. आकडा वाचून दाखवतो — खरा. नखाच्या कडेकडे बघत नाही.