खरवडलेला नंबर

कामशेतच्या गॅरेजात मी गाड्या रंगवायचो. तिथलं एका गाडीचं दार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

दार रंगवायच्या आधी त्यावरच्या चॅसी नंबरच्या स्टिकरवर चिकटपट्टी लावायची, ही आमची रीत. भंगारातून आलेल्या त्या दारालाही मी पट्टी लावत होतो, तेवढ्यात मालक खेकसले, "झाकतोस काय? खरवडून काढ!" चोरीची गाडी कापून विकली, तरी कुठला भाग कुठल्या गाडीचा ते कळावं म्हणून तो नंबर असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी नखांनी काढला. नोकरीपुढं तोंड कोण उघडतो!

दोन दिवसांनी वडिवळ्याचे एक आबा आले. त्यांचा मुलगा लोणावळ्याला जातो म्हणून निघाला, तो गाडीसकट बेपत्ता झाला होता. त्यांच्या हातात गाडीच्या चॅसी नंबरचा कागद होता. "गाडी न्हाई तर न्हाई, तिचा तुकडा तरी कुटं दिसतोय का बघतो," म्हणाले. कागदावर मी खरवडलेलेच आकडे होते.

एकेक दार वाकून बघत ते त्या दारापाशी आले आणि स्टिकरच्या जागेकडं त्यांनी बोट नेलं.

"आबा, हात नका लावू," मी म्हणालो, "रंग वला हाय."

रंग कधीच वाळला होता.