सत्यभामा मावशीचं डालं

माझ्या सत्यभामा मावशीला गोड बोलणं जमत नाही आणि दुसऱ्याचं गोड बोलणं चालतही नाही. ‘कशी आहेस?’ विचारलं की ‘दिसून नाही राहिलं का तुले?’ असं उत्तर येतं. आमच्या माळ्यांच्या आळीत तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नाही. अकोल्याहून येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचं गाव. मावशीचा लहानसा मळा, त्यात वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि घरापुढच्या अंगणात कोंबड्या. मी मालवाहू ऑटो चालवतो. तिची भाजी अकोल्याच्या बाजारात मीच पोचवतो, त्यामुळे पुढचं सगळं मला जवळून पाहावं लागलं. पाहावं लागलं नसतं तर बरं झालं असतं.

मावशीचा नवरा तरुणपणीच गेला. एकुलता एक पोरगा देवानंद, त्याचं लग्न तिनं अकोल्याच्या मोनालीशी लावून दिलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर देवानंद मळ्यातली मोटार सुरू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच पडला. मोनाली तेव्हा जेमतेम तेविशीची होती.

तेरवी झाल्यावर तिचे वडील किसनराव तिला न्यायला आले. मोनालीच नाही म्हणाली; सासूला ती आईच म्हणायची. “आईले एकटं टाकून कशी येऊ, बाबा?” मावशीनं तोंड फिरवलं, पण तिच्या जिवात जीव आलेला मला दिसला. संध्याकाळी गाडीत भाजी चढवताना ती मला हळूच म्हणाली, “मोनाली रायली त मी जगीन, मनोज. नाही त काहून जगू?” मावशी अशी बोलणारी बाई नव्हे. मी दोर आवळत राहिलो.

संक्रांतीनंतर मोनालीच्या मनात आलं, पिल्लं पाळू, अंडी विकू. तिला हाताला काही काम हवं होतं. मी अकोल्याहून खोकंभर पिल्लं आणून दिली, मशीनवर उबवलेली. तिनं ती आतल्या खोलीत बल्बखाली वाढवली. एक पिल्लू तिच्या ओढणीत शिरून झोपायचं. देवानंद गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या पिल्लापायी.

पंखांना पिसं आली तशी पिल्लं खोलीत मावेनात. इथं मावशी चुकली. तिनं जन्मभर खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली होती. तशी पिल्लं आईच्या मागून अंगणात येतात, आई दुसऱ्यांच्या अंगावर धावून जाते आणि बाकीच्या कोंबड्या मुकाट बाजूला होतात. बिनआईची पिल्लं कळपात हळूहळू रुळवावी लागतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. “कोंबड्याच त आहे. दे सोडून,” ती म्हणाली.

मोनालीनं दार उघडलं. पिल्लं उन्हात आली न आली तोच कबरी नावाची म्हातारी कोंबडी मान ताणून धावली, तिच्यामागून बाकीच्या. आम्ही तिघं आरडाओरडा करत मध्ये पडलो, तरी तीन पिल्लं डोकं फुटून गेली. त्यातलं एक ओढणीत झोपणारं. मोनाली ते मांडीवर घेऊन बसली. “यायच्या मागं कोनी नाही ना आई, म्हनून,” एवढंच म्हणाली.

मग मावशीनं माळ्यावरचं मोठं डालं काढलं, बांबूच्या कामट्यांची ती पालथी टोपली. अंगणाच्या मधोमध तिच्याखाली पिल्लं कोंडली आणि ज्वारीचे दाणे आत-बाहेर दोन्हीकडे टाकले. कबरी डाल्यावर चोची मारमारून थकली आणि शेवटी शेजारीच दाणे टिपू लागली. पुढे मावशी तिन्हीसांजेला थोडा वेळ डालं उचलायची, कोंबड्या पोट भरून खुराड्याकडे निघालेल्या असताना. भिंतीला एक फळी आडवी लावली, खालून पिल्लू जाईल पण कोंबडी जाणार नाही अशी. टोचाटोची झालीच, पण पिल्लांना पळायला जागा होती. महिना-दीड महिन्यात सगळी एका खुराड्यात झोपू लागली. “डोळ्याले सवय झाली का राग जाते,” मावशी मला म्हणाली. फार खूश होती.

एव्हाना आळीतल्या बायांनी मोनालीला टोचायला सुरुवात केली होती. नळावर ती गेली की कुजबुज थांबायची आणि ती वळली की ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात यायचा. एका घरी ती जुन्या कोंबड्यांची अंडी द्यायला गेली, तर त्या बाईनं आपल्या नव्या सुनेला हाताला धरून आत ओढलं. ह्याच बाया मोझरीच्या आश्रमात जाऊन समतेची भजनं म्हणतात. मला त्यांच्या अंगावर जावंसं वाटत होतं, आणि मावशी तर खरोखरच गेली. दोन घरांशी कायमचं वाकडं झालं.

मग मावशीनं दुसरा उपाय काढला. “थोडे दिवस घरातच राय. लोकायले सवय होऊ दे,” तिनं मोनालीला सांगितलं. पाणी स्वतः आणू लागली, अंडी स्वतः विकू लागली. लग्नकार्य, बाजार, मळा, सगळीकडे एकटीच जायची आणि मोनालीला अंगणाच्या कुडाआड ठेवायची. मायेनंच करत होती. पोर पार सुकून गेली, तरी मावशीला वाटत होतं की सगळं बरोबर चाललं आहे.

पिल्लांच्या तलंगी झाल्या, अंडी देऊ लागल्या. त्या दिवसांत एकदा आम्ही अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत बसलो होतो. मोनाली आवाज न चढवता म्हणाली, “आई, त्या पिल्लायले तुमी दीड महिन्यात बाहेर काढलं. मी किती दिवस डाल्याखाली राहू?”

मावशीचे हात थांबले. मग हातातली जुडी पुरी बांधली आणि मला म्हणाली, “किसनरावले फोन लाव. पोरीले घेऊन जा म्हना. आन् चांगलं घर पाहा म्हना तिच्यासाठी.”

मोनाली रडली, नाही म्हणाली, पाया पडली. मावशी बधली नाही. मीच तिला अकोल्याला पोचवलं. परत आलो तर मावशी मोनालीच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. चूल पेटली नव्हती.

पुढच्या वर्षी वैशाखात मोनालीचं लग्न ठरलं. मुलगा परतवाड्याचा, बायको वारलेला, किराणा दुकानवाला. मावशीनं नवं लुगडं घेतलं, लाडू केले. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी किसनरावांचा फोन आला, तिला नाही, मला. आवाज पडलेला होता. “पोराकडचे म्हनतात, पहिल्या घरचं मानूस मांडवात नको. बाईले तुमीच समजावून सांगा.”

त्या रात्री मला सांगायची हिंमत झाली नाही. सकाळी गेलो तर ती लुगडं नेसून, लाडवाचा डबा मांडीवर घेऊन, ओट्यावर तयार बसलेली. कसंबसं सांगितलं. माझंच डोकं फिरलं होतं. “चाल तू. मी नेतो तुले. कोन अडवते थे पाहू.”

“नाही,” ती म्हणाली. “मले पाहून त्या घरच्या बायायले देवानंद आठवन. मंग थ्या तिलेच बोलतीन. रमू दे तिले तठी.”

डबा तिनं माझ्या हातात दिला. “तू जा. तिचा मामेभाऊ म्हनून जा. माहं नाव नको घेऊ.”

मी गेलो नाही, ओट्यावरच बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं तशी ती उठली, आतून चार अक्षता कुंकवात भिजवून आणल्या आणि अकोल्याच्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. “लागलं असन आता,” म्हणाली. मूठ उघडायची होती, पण ती उघडेना. आयुष्यात पहिल्यांदा मी मावशीला हमसून हमसून रडताना पाहिलं.