येणं झालंच नाही

चिझुरु मियाकेच्या सहा तबकड्या निघाल्या. पहिली १९९० साली, शेवटची २००१ साली. त्यांतलं एकच गाणं लोकांच्या तोंडी राहिलं. कडवी जपानीत, ध्रुवपद इंग्रजीत. इंग्रजी तिला आईकडून मिळालं होतं. आई हवाईत जन्मलेली. लग्न होऊन कुराशिकीला आली आणि दुकानाच्या माडीवर मुलांना इंग्रजी शिकवू लागली. मायलेकी आपसात इंग्रजीत बोलत, आणि खाली तातामीच्या चटया शिवणारे बाबा ओरडत, "माझीच निंदा चाललीय वाटतं!"

त्यांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे. म्हणूनच तर चिझुरुने ध्रुवपदातली ती ओळ इंग्रजीत लिहिली होती: तुम्ही आला नाहीत.

आई गेली तेव्हा डिसेंबर सरत आला होता. नव्या वर्षाआधी घरोघर चटया बदलायच्या असतात. तातामीवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. सतरा वर्षांच्या चिझुरुने दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावरून, बाबा चटया बसवत होते त्या घरी, तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "एवढी खोली उरकतो नि निघतो." ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यावर दोघं कधीच बोलले नाहीत. बाबा मात्र तेच ध्रुवपद सुई ओढताना बावीस वर्षं कौतुकाने गुणगुणत आले.

आता कंपनी जुन्या गाण्यांची नवी आवृत्ती काढत होती. सोबतच्या पत्रिकेत इंग्रजी ओळींखाली जपानी अर्थ छापायचा, आणि तो तिनेच लिहून द्यायचा. बाबा दर वेळी दहा प्रती विकत घेऊन गिऱ्हाइकांना वाटत, आणि पत्रिका भिंग लावून अथपासून इतिपर्यंत वाचत. आता ती ओळ त्यांना कळणार होती. शेवटी तिने जपानी भाषेची एक सोय वापरली. 'येणं झालंच नाही' एवढं म्हटलं की जपानीत वाक्य पुरं होतं. कोणाचं, ते सांगावं लागत नाही.

मुद्रितावर दुपारी तीनपर्यंत होकार कळवायचा होता. सकाळी ते घेऊन ती दुकानात गेली. वाचायचंच आहे, तर छापण्याआधी आपल्यासमोर वाचू देत, असं तिला वाटलं.

बाबांनी भिंग लावलं. "अगं, हा कोण गाढव?"

"कोण?"

"तुला ताटकळत ठेवणारा! तो गिटारवाला का, लांब केसांचा? आपल्याकडे जेवला, तर निम्मा भात वाडग्यात टाकून उठला. तेव्हाच ओळखलं होतं मी."

"तो नाही हो, बाबा."

"मग कोण? आता पोरसवदा का आहेस लपवायला? असा माणूस माणसांत जमा नाही, सांगून ठेवतो."

"बाबा, पुरे."

"का? अजून कळवळा येतो वाटतं त्याचा?"

"येतो," चिझुरु म्हणाली.

तिच्या आवाजाने ते चपापले. त्यांनी पुन्हा भिंग उचललं आणि ध्रुवपदातल्याच वरच्या इंग्रजी ओळीचा अर्थ बोटाने धरून वाचला: 'चौथ्या मजल्यावर, खिडकीपाशी, हातात हात गार होत गेला.' मग भिंग खाली ठेवलं.

"तीन फोन केले होतेस," ते म्हणाले.

"हो."

"आठ चटयांची खोली होती. सात बसवून झाल्या होत्या." मुद्रित तिच्याकडे सरकवत, "एकच राहिली होती."

'असू दे' म्हणायचं चिझुरुच्या ओठांवर आलं होतं, पण ते खरं नव्हतं. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मागच्या खोलीत कामाला बसले.

पावणेतीनला, ती अजून दुकानातच असताना, कंपनीतून सेकियाबाईंचा फोन आला. "मियाके सान, छापायला देऊ ना?"

"द्या. आहे तसंच." तिने फोन ठेवला.

आतून आवाज आला, "कोण ते नाही घातलंस?"

"नाही. तसंच चालतं जपानीत."

"चालत नाही. मीच वाचून भलत्याला शिव्या घातल्या की. लोकही घालतील. त्या पोराने भात टाकला असेल, पण हे त्याच्या माथी कशाला?"

"बाबा, गिऱ्हाइकं वाचतील. सगळं गाव वाचेल."

"वाचू दे. 'बाबा' असं लिही."

चिझुरुने घड्याळ पाहिलं. तीनला दहा कमी होते. तिने फोन उचलला, परत ठेवला. आत सुईचा आवाज थांबलेलाच होता. ते ऐकत होते. तीन वाजायला चार मिनिटं असताना तिने नंबर फिरवला आणि सेकियाबाईंना म्हणाली, "एक शब्द वाढवायचाय."

तो शब्द मात्र तिला त्यांना दोनदा सांगावा लागला. पहिल्या वेळी हळू, दुसऱ्या वेळी आतही ऐकू जाईल असा.