पाय टेकवता येत नाही तेव्हा

गॅसवाल्यानं दोनदा बेल वाजवली, "अम्मा, गॅस!" म्हणून हाक मारली, आणि मी न्हाणीघराच्या दारातूनच "बंदे, बंदे," म्हणजे आले, आले, असं ओरडत राहिले. येत मात्र नव्हते. समोर दोन बोटं उंचीचा उंबरठा होता आणि माझे दोन्ही पाय फरशीला चिकटले होते. दुखत नव्हते, बधिरही झाले नव्हते. पाऊल टाक म्हटलं की गुडघे नुसते थरथरायचे, तळवे जागचे हलायचे नाहीत. बाहेर सिलिंडर परत टेम्पोत चढवल्याचा दणका ऐकू आला. मग टेम्पो गेला. मी चौकट धरून उभीच.

आमचे हे भाजी घेऊन परत आले तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

"किती वेळ अशी उभी आहेस?"

"गॅसवाला येऊन गेला," मी म्हटलं.

यांनी पिशवी खाली टाकली, हात दिला आणि मला बाहेर काढलं. त्या दिवसापासून त्यांनी मला घरात एकटं सोडणं बंद केलं.

मला पार्किन्सन आहे. बोटाच्या थरथरीपासून सुरुवात झाली तेव्हा त्रेसष्टावं चालू होतं, आता सदुसष्टावं आहे. त्याआधीची पाच वर्षं मात्र माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोकळी. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले आणि गिअरची सायकल घेतली. रविवारी पहाटे दहा-बारा जणांचा गट निघायचा. बहुतेक पुण्या-नागपुराकडून इथे कंप्युटरच्या नोकरीला आलेली मुलं-मुली. मला काकू म्हणायची. आमच्या चार पिढ्या म्हैसुरात गेल्या, त्यामुळे मी बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरायची आणि ती हसायची. त्यांच्याबरोबर मी नंजनगुडला गेले, श्रीरंगपट्टणला गेले, एकदा तर तलकाडला जाऊन त्याच दिवशी परत आले. जवळजवळ शंभर किलोमीटर. घरी आल्यावर मी दोन ताटं भात खाल्ला होता.

आजाराचं नाव कळलं त्याच आठवड्यात यांनी सायकलचं पुढचं चाक काढून माळ्यावर टाकलं. मला विचारलं नाही. मीही भांडले नाही, कारण तेव्हा मलाही भीतीच वाटत होती.

पण पुढे घर लहान होत गेलं. आधी गच्ची गेली, मग मागचं अंगण, कारण तिथे तीन पायऱ्या आहेत. बेंगळुरूच्या मुलीनं हॉलमध्ये कॅमेरा बसवला. मी खुर्चीतून उठले की दहा मिनिटांत तिचा फोन यायचा, "आई, कुठे चाललीस?" सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या टेबलाभोवती वीस वीस फेऱ्या मारायच्या, एवढंच माझं चालणं. आमच्या सरस्वतीपुरम भागातले ओळखीचे लोक भेटायला येत, माझ्या हाताकडे न बघण्याचा प्रयत्न करत आणि आवाज वाढवून बोलत, जणू मला ऐकूही येत नाही. खरं सांगायचं तर लोकांचा, घराचा राग नव्हताच. मी माझ्याच अंगात कोंडले गेले होते आणि आतून कडी काढता येत नव्हती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एके दिवशी मला त्यांच्याकडच्या जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं. दोघांनी मिळून चढवावं लागलं. पण पायडलवर पाय ठेवला आणि ते फिरायला लागले. सरळ, एका लयीत, न अडखळता. मी खाली बघत राहिले. ते माझेच पाय होते. बाई म्हणाल्या, पुष्कळांचं असं होतं, चालता येत नाही पण सायकल चालवता येते. मला रडू आलं ते थांबवायला मी आणखी जोरात पाय मारले.

घरी आल्या आल्या मी चाक मागितलं.

"ते सगळं बेडा आता," हे म्हणाले. बेडा म्हणजे नको. आमच्या घरात नाही म्हणायचं असलं की कन्नड निघतं. "पडलीस आणि खुब्याचं हाड मोडलं तर? मी एकटा काय करू?"

"घरात पडत नाही का मी?"

"घरात मी आहे."

"तेच तर," मी म्हटलं. "घरात फक्त तुम्ही आहात आणि तुमच्याकडे फक्त मी. दोघांनी असं किती दिवस बसायचं?"

हे उठून आत गेले. दोन आठवड्यांनी चाक खाली आलं.

आमचा रस्ता चौकोनी आहे, चार वळणं घेतली की पुन्हा आपल्या फाटकापाशी. सकाळच्या गोळीनंतर तासाभरानं माझं शरीर तीनेक तास माझं ऐकतं. ती वेळ धरून आम्ही निघालो. यांनी कॅरिअर धरलं, लहान मुलाला शिकवताना धरतात तसं, आणि सत्तरीचा हा माणूस माझ्यामागे धावला. पहिल्या वळणावर हात सुटला. माझ्या ते लक्षातही आलं नाही. कानाला वारा लागत होता, दोन वर्षांत पहिल्यांदा मी पायांचा विचार करत नव्हते.

फाटकापाशी आल्यावर ब्रेक दाबला. सायकल मंदावली. आता डावा पाय पायडलवरून काढून जमिनीवर टेकवायचा. पाय निघेना. सायकल कलायला लागली, तशी घाबरून मी पुन्हा पायडल मारलं आणि पुढे गेले.

"थांब!" हे ओरडले.

"थांबता येत नाहीये!"

दुसऱ्या फेरीला: "अगं, ब्रेक दाब!"

"ब्रेक लागतोय हो! पाय टेकत नाहीये!"

अशा सात फेऱ्या झाल्या. फुलवाली टोपली खाली ठेवून बघत उभी राहिली. कोपऱ्यावरचे म्हातारे वकील पेपर हातात घेऊनच रस्त्यावर आले. मला आता दम लागला होता आणि घड्याळ दिसत नसलं तरी गोळीचा असर कधीतरी उतरणार हे माहीत होतं. घरात जागच्या जागी अडकायचे, इथे चालत्या सायकलवर अडकले होते. आठव्या फेरीला हे रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. मी ब्रेक दाबून सरळ त्यांच्या अंगावर गेले. त्यांनी हँडल पकडलं, वकिलांनी मागून कॅरिअर. "साकु अम्मा, साकु," पुरे आता, असं वकील म्हणत होते. यांचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते.

चाक पुन्हा माळ्यावर जाणार असं मी धरून चालले. दोन दिवस हे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "पार्कच्या कट्ट्याला टेकून थांबलीस तर? पाय नाही टेकला तर हात टेकेल." म्हणजे दोन दिवस ते रुसले नव्हते, हाच विचार करत होते. महिनाभर आम्ही कट्ट्याशी थांबण्याचा सराव केला.

जानेवारीत तलकाड. सायकल गाडीत घालून नेली आणि शेवटचे पंधरा-सोळा किलोमीटर मी चालवली. मागे हे गाडीचा दिवा लुकलुकवत, बैलगाडीच्या वेगानं. दोन्हीकडे ऊस होता, कालव्याला पाणी होतं. पोचायला ठरवल्यापेक्षा उशीर झाला. गाडीच्या बॉनेटला टेकून उतरले आणि तिथल्या वाळूत बुडालेल्या देवळांकडे निघालो. आणि वाळू लागली. चढावर मध्येच पाय रुतले ते रुतलेच. पुढे नाही, मागे नाही. गोळी उतरली होती. यांनी पाण्याबरोबर दुसरी दिली, ती चढायला चाळीस मिनिटं तरी लागणार. दोन्ही बाजूंनी यात्रेकरू जात होते.

एका खेड्यातल्या बाईनं थांबून आदरानं विचारलं, "हरके, अम्मा?" नवस आहे का, उभं राहण्याचा?

"हौदु," हे गंभीरपणे हो म्हणाले. तिनं मला नमस्कार केला आणि पुढे गेली. आम्ही दोघं हसलो. मग हसू सरलं. मी तशीच उभी होते, ऊन वाढत होतं, हे माझ्या पायाशी वाळूत बसले होते.

"सायकलवर असतेस तेव्हा काय वाटतं?" त्यांनी विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"काही नाही वाटत. तेच चांगलं असतं."

त्यांनी मान हलवली. गोळी चढल्यावर आम्ही उतारानं परत गाडीपाशी आलो. देवळं बघितली नाहीत.

त्यानंतर औषध वाढलं आणि मोकळे तीन तास दोनावर आले. पावसाळ्यात एकदा सायकलवरून पडले, उजवं मनगट मोडलं. मुलगी फोनवर रडली, "आई, कशासाठी हे सगळं?" मागच्या आठवड्यात प्लास्टर काढलं. मनगट काटकुळं झालंय, ब्रेक पुरता दाबला जात नाही. व्यायामाच्या बाई म्हणतात आणखी तीन आठवडे थांबा. हे म्हणतात सहा. मी चारावर आणायचा प्रयत्न करते आहे.