भांग म्हणजे होळी नाही

राग आलाय आणि रागातच लिहितेय, थंड झाले तर उगाच गोड लिहीन.

आमच्या पनवेलच्या कॉलेजात फिजिक्सला दमयंती कोळी मॅडम आहेत. उरणच्या. पीएचडी बाहेरगावी, लेझरमध्ये, पण परत आल्यावर त्यांनी तो लेझर खाडीच्या पाण्यावर मारला. गढूळ पाण्यातून प्रकाश कसा पसरतो, त्यावरून गाळ किती वेळात खाली बसतो ते कळतं, आणि त्यावरून खाडी कुठे भरत चाललीय आणि मासा कुठून गेला ते पण. भारी आहे ना? नाही. फिजिक्सवाले म्हणतात हा चिखल झूलॉजीत न्या, झूलॉजीवाले म्हणतात ते लेझर-बिझर तुमचं. वीस वर्षं त्या दोन्ही डिपार्टमेंटच्या दारात उभ्या.

शिकवतात मात्र असं की शेवटच्या बाकावरचे पण मोबाईल खाली ठेवतात. पहिल्याच लेक्चरला चहाच्या ग्लासात चिखल ढवळून आमच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, बघत बसा, बोलू नका. आम्ही खरंच बघत बसलो.

निकेश त्यांचाच विद्यार्थी, उरणचाच. एमएस्सी झाल्यावर तो पोर्टच्या गेटवर सिक्युरिटीत लागणार होता, घरी पैसा हवा होता. मॅडम थेट त्याच्या घरी गेल्या. त्याची आई हौसा मासे निवडत होती, तिने सरळ सांगितलं की शिकून झालं, आता कमवू दे. मॅडम कॉलेजात कधी बोलत नाहीत तसं बोलल्या, "बाय, तुला चालल, मना नाय चालनार." निकेश मॅडमकडेच पीएचडीला आला.

गेल्या महिन्यात त्याच्या विषयाला मान्यता द्यायला बाहेरून कमिटी आली. त्याच्या पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'भांग'. मॅडमनीच सांगितलेलं, आपला शब्द आहे, एकदा समजावून सांग आणि वापर.

मुख्य साहेब चष्मा वर करून म्हणाले, "भांग? होळीचा प्रोजेक्ट आहे का?"

सगळे हसले. आमचे फिजिक्सचे सर पण हसले, ते जास्त लागलं. निकेशने सांगितलं की अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात, उधाणाच्या उलट, आणि गाळ तेव्हाच बसतो. ऐकतंय कोण? साहेबांचा विनोद अजून संपला नव्हता. मग निकाल दिला: हे फिजिक्स नाही. शब्द काढा, गाइड झूलॉजीचा घ्या, तर मान्यता. नाहीतर विषय रद्द.

मला वाटलं आता मॅडम फाडणार. मी दारात उभी राहून वाट बघत होते अक्षरशः. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "काढा शब्द. गाइड बदला. पोराचं काम राहू द्या."

बस. एवढंच.

ते गेल्यावर मी लॅबमध्ये जाऊन मॅडमवरच ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. निकेशला पण बोलले, मान खाली घालून काय बसलास म्हणून. त्याने मान वर केलीच नाही. मॅडम लेझरवर कापड टाकत होत्या.

"मी भांडले असते तर मी जिंकले असते, अंकिता," त्या म्हणाल्या. "आणि हा गेटवर उभा राहिला असता."

बरोबर आहे त्यांचं. म्हणून तर राग जात नाही. आता त्याच्या फाइलवर 'भांग'च्या जागी 'नीप टाइड' आहे, गाइड म्हणून दुसऱ्याच सरांचं नाव, आणि मॅडमचं नाव शोधून सापडत नाही.

काल अष्टमी होती. निकेश उरणहून पाण्याच्या बाटल्या घेऊन आला तो थेट मॅडमच्या लॅबमध्ये. प्रत्येक बाटलीवर काळ्या मार्करने ठसठशीत 'भांग'. नेमके तेव्हाच नवे गाइड डोकावले, एक बाटली उचलून विचारलं, हे काय लिहिलंय?

"होळीचं आहे, सर," निकेश म्हणाला.

चेहरा मख्ख. मी एवढी हसले की टेबलाला धक्का लागला. सर बाटली ठेवून निघून गेले.

मॅडम हसल्या नाहीत. लेझर चालू करत मला म्हणाल्या, "टेबल हलवू नकोस. गाळ बसतोय."