लिफ्टमधला वजनकाटा

“तू फक्त गुडघे दुखतात एवढं सांग. बाकीचं मी बघतो,” मुलगा म्हणाला.

“माझे गुडघे दुखत नाहीत.”

“या वयात सगळ्यांचे दुखतात.”

“तुझ्या बाबांचे दुखतात. त्यांना सांगायला लाव.”

लॅबमावशींनी घेवड्याची आणखी एक शेंग मोडली, तिचा दोर काढला आणि तुकडे पातेल्यात टाकले. मुलगा आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरला होता. खांद्यावरची पिशवीही त्याने अजून उतरवली नव्हती. खुर्चीवर बसलेल्या बाबांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं, म्हणजे आपण या भानगडीत नाही हे सगळ्यांना दिसावं.

“आज क्लासच्या दारात एका मुलीच्या वडिलांनी मला गाठलं,” मुलगा म्हणाला. “विचारतात, सर, तुमच्या घरात दोन प्रकारचं फिजिक्स आहे का? एक तुमचं आणि एक तुमच्या आईचं?”

ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेला हसू आलं. ते तिने नळ सोडून झाकलं.

झालं होतं ते असं. वाचनालयातल्या रविवारच्या तासाला कोणीतरी विचारलं, अवकाशयात्री तरंगतात कसे? लॅबमावशींनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून. तेवढ्यात पहिल्या रांगेतली नऊएक वर्षांची मुलगी उठली. तिच्या हाताला प्लास्टर होतं आणि त्यावर मैत्रिणींनी पेनाने सह्या केल्या होत्या. “मग चंद्र कशाने बांधलाय?” ती म्हणाली. “तो तर आणखी वर आहे.”

लोक हसले. “पुढच्या रविवारी सांगते,” मावशी म्हणाल्या आणि परातीतलं पीठ डब्यात भरायला लागल्या.

मावशी शिक्षिका नव्हत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या एकोणतीस वर्षं मदतनीस होत्या. सुरुवात केमिस्ट्रीत बाटल्या धुण्यापासून झाली. दोन वर्षांनी फिजिक्सकडे जागा निघाली तेव्हा त्यांनी लगेच अर्ज केला, कारण फिजिक्सला वास येत नाही. तिथे सकाळी टेबलं पुसायची, लंबक टांगायचे, भिंगं मऊ कापडाने पुसून खोक्यात ठेवायची. कोणतं स्टॉपवॉच मागे पडतं, कोणत्या स्प्रिंगला कोणाच्या हाताने ताण बसलाय, कोणत्या मुलाने लंबकाचे वीस हेलकावे न मोजताच आकडा लिहिलाय, हे त्यांना नुसतं बघून कळायचं. प्राध्यापकांनी घंटी वाजवली की उपकरण घेऊन वर्गात जायचं, टेबलावर ठेवायचं आणि दाराशी उभं राहायचं. प्रयोग संपला की उचलून आणायचं.

दाराशी उभं राहून त्या फिजिक्स शिकल्या. पण ते शिकणं भोकं पडलेल्या कापडासारखं होतं. खडू आणायला गेल्या तेवढ्या वेळातलं राहिलं. दुसऱ्या वर्गाची घंटी वाजली तेव्हाचं राहिलं. आणि एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. विचारू नका असं कोणी म्हटलं नव्हतं, पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाने हात वर करायची पद्धत नव्हती.

निवृत्तीनंतर त्या नवऱ्यासाठी वाचनालयातून पुस्तकं बदलून आणायच्या. तिथला पृथ्वीचा गोल आस मोडून कपाटावर पडला होता. त्यांनी घरून विणायची सुई नेली आणि तो नीट केला. नीट झाला का हे बघायला बॅटरीचा उजेड पाडून फिरवला, तर आजूबाजूला सहा मुलं आणि दोन म्हातारे जमले. दिवस आणि रात्र कशी होते हे त्या सगळ्यांना माहीत होतं, पण होताना कोणी पाहिली नव्हती. तिथून रविवारचा तास सुरू झाला. त्याला आता दोन वर्षं झाली होती. चाळीसेक माणसं यायची. त्यांत कोपऱ्यावरचा चाव्या करून देणारा असायचा, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी असायच्या, नातवंडांना सोडायला म्हणून येऊन स्वतःच बसून राहणारे आजोबा असायचे.

मावशींची रीत एकच, आधी वस्तू आणि मग नाव. पिठाच्या परातीत गोट्या टाकायच्या, खड्डे बघायचे, आणि मग चंद्राचा फोटो दाखवायचा. काही करायच्या आधी त्या सगळ्यांकडून पैज लावून घ्यायच्या. “जड गोटी आधी पडेल म्हणणारे हात वर. आता हात खाली घ्यायचे नाहीत.” चाव्यावाला दर वेळी चुकायचा आणि दर रविवारी यायचा.

घरातली चाळणी, बादली, आरसा, छत्री असं सगळं एकदा तरी वाचनालयात जाऊन आलं होतं. सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिने दुकानातली चरे गेलेली भिंगं सासूला आणून दिली होती, आणि त्या बदल्यात परात शनिवारपर्यंत घरी यायला हवी असा करार केला होता.

“वाचनालयाच्या समितीतल्या एका गृहस्थांचा फोन आला होता,” मुलगा आता जरा मऊ आवाजात म्हणाला. “तुझं शिक्षण किती झालंय, विचारत होते. या रविवारी ते स्वतः येणार आहेत. म्हणाले, अशा तासाला पदवीवाला माणूस हवा. मी म्हटलं, मी घेईन. पडद्यावर चित्रं दाखवीन. तू पहिल्या रांगेत बस, आरामात.”

“म्हणजे ठरवूनच आलास.”

“आई, चूक झाली ना तुझी? झाली. तिथे गुरुत्वाकर्षण असतं. इथल्या दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग तिथेही असतात.”

शेंग मोडता मोडता मावशी थांबल्या. “नऊ?”

“नऊ.”

“मग तरंगतात कशाला?”

“ते तरंगत नाहीत, पडत असतात. सतत पडत असतात.” त्याने बाबांच्या वर्तमानपत्राचा कोपरा ओढला आणि समासात सूत्र लिहायला लागला. लिहिताना तो वर्गात बोलतो तसं बोलला. मावशींनी सूत्राकडे पाहिलं. त्यातलं प्रत्येक अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं, त्यांनी ते हजार वेळा फळ्यावरून पुसलं होतं.

“मला हे दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

“दिसायचं नसतं, समजायचं असतं.”

“चौदा वर्षं शिकवतोस. तुला तरी दिसतं का?”

मुलाने पेन खिशात लावलं. “गुडघे दुखतात म्हणून सांग,” तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

मावशींनी पुढची शेंग उचलली. मग वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले, “लिफ्टमध्ये व्हायचं असं.”

बाबा एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होते. दोन मजल्यांमध्ये मावेल एवढंच बोलायची त्यांना सवय लागली होती. त्यांचं बोलणं ऐकायचं तर घाई करून चालत नसे.

“कसं?”

“वर पार्सलं न्यायचे. पार्सलाखाली काट्याचा वजनकाटा असायचा. लिफ्ट खाली निघाली की काटा मागे यायचा. पार्सल तेच.” पान उलटलं. “मला वाटायचं काटा खराब आहे. बदलून आणला. नवाही तसाच.”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू विचारलं नाहीस,” बाबा म्हणाले.

गुरुवारी सकाळी दोघं त्या कचेरीत गेले. न्हाणीघरातला जुना काट्याचा वजनकाटा मावशींनी पिशवीत घातला होता. लिफ्ट आता बटणाची झाली होती, पण दारावरचा पहारेकरी बाबांना ओळखत होता. “काय काका, परत कामावर?” त्याने विचारलं. बाबा म्हणाले, “बाईंचं वजन करायचंय.” पहारेकऱ्याने लिफ्टकडे हात केला.

मावशी काट्यावर उभ्या राहिल्या. बासष्ट. लिफ्ट आठव्या मजल्याकडे निघाली तशी क्षणभर अडुसष्ट, मग पुन्हा बासष्ट. वरून खाली सुटताना काटा छप्पन्नवर आला आणि परत बासष्टवर गेला. त्यांनी बाबांना परत वरचं बटण दाबायला लावलं. सात फेऱ्या झाल्या. पाचव्या मजल्यावर फायली घेऊन शिरलेली एक बाई कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली आणि काट्याकडे बघत म्हणाली, “मावशी, डाएटचं मशीन आहे का हे?”

“सहा किलो उतरतात,” मावशी म्हणाल्या. “पण टिकत नाहीत.”

ती उतरल्यावर त्या बाबांकडे वळल्या. “आणि दोरच तुटला तर?”

“तुटत नाही. ब्रेक असतो. मी एकतीस वर्षं…”

“तुटला असं धरा. ब्रेकही नाही.”

बाबांनी दार पूर्ण बंद होईपर्यंत विचार केला. “मग काटाही पडणार, तूही पडणार. एकाच वेगाने. तू काट्यावर रेलणार कशी? काटा शून्यावर.”

“आणि पृथ्वी?”

“पृथ्वी कुठे जाते? ती खाली आहेच, वाट बघत.”

मावशी काट्यावरून उतरल्या. कॉलेजात दाराशी उभ्या असताना, खडू आणायला गेल्या होत्या त्या पाच मिनिटांत नेमकं काय राहून गेलं ते त्यांना आता कळलं. घरी येताना त्या भंगारवाल्याकडे थांबल्या आणि प्लास्टिकच्या चार बाटल्या घेतल्या.

शनिवारी दुपारी त्यांनी खिळा तापवून बाटल्यांना तळाजवळ एकेक भोक पाडलं, बोट लावून एक पाण्याने भरली आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सुनेच्या हातात दिली. स्वतः खाली अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. बोट काढताच भोकातून बारीक धार लागली.

“सोड.”

बाटली सुटली, आणि धार बंद झाली. बाटली उघडी होती, भोक होतं, पाणी होतं, तरी पडत होती तेवढा वेळ थेंब बाहेर आला नाही. मग ती जुन्या गादीवर आपटली आणि पाणी चहूकडे उडालं. ते नेमकं तेव्हा फाटकातून आत येणाऱ्या मुलाच्या शर्टावर.

“हे काय चाललंय?” तो म्हणाला.

“आत पाणीही पडतंय आणि बाटलीही पडतेय,” वरून सून म्हणाली. “मग पाणी ढकलणार कोणाला? तुमचंच फिजिक्स आहे, ओळखलं नाहीत?”

मुलाने शर्ट झटकला. मग रुमाल काढला, पण पुसलं नाही. “परत सोड,” तो म्हणाला.

चारही बाटल्या संपेपर्यंत तो तिथेच उभा होता. चौथ्या वेळी तो वाकून बसला, नजर भोकाच्या रेषेत आणून.

“आणि चंद्राचं काय?” वरून सुनेने विचारलं. “तोही पडतोय का?”

“तोही पडतोय,” मावशी म्हणाल्या. “पण पुढेही पळतोय. जेवढा खाली येतो, तेवढीच पृथ्वी त्याच्याखालून वळून जाते. बांधलाय तो गुरुत्वाकर्षणानेच, दुसरं काय.” त्यांनी मुलाकडे पाहिलं. “बरोबर?”

“बरोबर,” मुलगा म्हणाला.

संध्याकाळी चहाला चौघं टेबलाशी बसले. मुलाने दोनदा घसा साफ केला.

“प्रयोग झकास आहे,” तो म्हणाला. “तूच घे उद्याचा तास. मी समितीशी बोलतो. फक्त एक कर. मागचं काढू नकोस. आज नवीन प्रयोग दाखवते म्हण आणि बाटली सोड. लोक विसरले असतील.”

“ती मुलगी विसरली नसेल.”

“एक मुलगी, आई. आणि समोर समितीचा माणूस बसलेला. स्वतःच्या तोंडाने चुकले म्हणालीस की त्याला दुसरं काही शोधायलाच नको. तास जाईल हातचा.” तो थांबला. “आणि मला सोमवारी क्लासच्या दारात उभं राहायचंय.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, पण या वेळी टोमणा मारला नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं, म्हणजे आता ते ऐकत होते.

मावशींनी कप खाली ठेवला. तो तास गेला तर रविवार सकाळचं काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी त्याचा विचारच केला नव्हता. त्या उठल्या, न्हाणीघरात गेल्या, वजनकाटा पुसून घेऊन आल्या आणि तो टेबलाच्या पायाशी ठेवला.

“मी उद्या अकरा वाजता जाणार आहे,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा सांगणार, की गेल्या रविवारी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि ते या मुलीमुळे कळलं. मग तुझे बाबा लिफ्टचं बोलतील. अहो, तुम्हीच, मागे बघू नका. मग सून वाचनालयाच्या माळ्यावरून बाटली सोडेल, तीन वेळा, सोडायच्या आधी सगळ्यांचे हात वर. पुढे समितीला काय ठरवायचं ते समिती ठरवेल. तुला यायचं असेल तर ये, नाहीतर नको. भाजी सकाळी करून ठेवीन. वजनकाटा आत्ता पिशवीत जातोय, कोणाला वजन बघायचं असेल तर आत्ताच बघून घ्या.”