खंडेनवमीला थांबवलेली तपासणी

परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आमचं ऑफिस आहे. समुद्राखालच्या खडकात तेल किती, ते विहिरीकडे ढकलायला पाणी किती सोडायचं, याचा हिशेब आम्ही संगणकावर करतो. पूर्ण मॉडेलमध्ये खडकाचे लाखो तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येकातला दाब पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो. एका पर्यायाला दोन-तीन दिवस जातात.

चिंचपोकळीहून चालत येणाऱ्या माझ्या सहकारी मुलीने हे काम काही मिनिटांवर आणलं. लाखो तुकड्यांतले दाब सुटे बदलत नाहीत, ठरावीक पद्धतींनी एकत्र बदलतात. जुन्या हिशेबांतून तिने त्या पद्धती शोधल्या आणि तेवढ्याच सोडवल्या. हे छोटं मॉडेल कुठवर चालतं, तेही ती प्रत्येकाला बजावायची. "पाणी सोडण्याच्या ज्या दरांवर मी याला शिकवलंय त्यांच्या आसपासचंच विचारा. त्यापलीकडे पण ते उत्तर देईल, पण ठोकून देईल."

आमच्या साहेबांनी विचारलं, पाणी दुप्पट दराने सोडलं तर? छोट्या मॉडेलने तेल भरपूर वाढेल असं सांगितलं. तिने लगेच तोच दर पूर्ण मॉडेलवर तपासायला लावला. तपासणी चालू असताना खंडेनवमी आली. त्या दिवशी ऑफिसात सर्व्हरची पूजा होते, दादरहून झेंडूच्या माळा येतात. पूजेसाठी सर्व्हर कधी बंद केल्याचं मला आठवत नाही. या वेळी साहेब म्हणाले, बंद करा.

"सर, परवापर्यंत निकाल येतोय."

"अगं, आज तरी यंत्राला विश्रांती दे. पेढा घे."

"आणि रिपोर्ट?"

"तुझ्या मॉडेलचा आकडा आहे ना? स्वतःच्या पोरावर विश्वास नाही तुझा?"

सगळे हसले. संध्याकाळी रिपोर्ट तेल कंपनीकडे गेला. त्यात 'पूर्ण मॉडेलवर पडताळले' असं वाक्य साहेबांनी स्वतः घातलं होतं. ते खोटं होतं.

दसऱ्यानंतर तिने तपासणी राहिली होती तिथून पुढे चालवली. निकाल उलटा आला. दुप्पट दराने सोडलेलं पाणी तेलाला बगल देऊन थेट विहिरीत शिरत होतं. तिने तो साहेबांना पाठवला, एक प्रत मला दिली. साहेबांनी उत्तर लेखी दिलं नाही. जाता जाता म्हणाले, "गेलेला रिपोर्ट परत मागवायचा नसतो."

दर वाढवला गेला. काही महिन्यांनी विहिरीतून पाणी यायला लागलं, तेव्हा बैठक झाली. तेल कंपनीच्या माणसांसमोर साहेब म्हणाले, "शॉर्टकट मॉडेल होतं. नवीन मुलं, उत्साह जास्त."

तिने आवाज चढवला नाही. "दुप्पट दराला ते चालत नाही, हे मी सांगितलं होतं. तपासणी तुम्ही थांबवलीत, सर. आणि पडताळलं असं लिहिलंत."

"हे आपण आपल्यात बोलू."

मी निकालाची प्रत टेबलावर ठेवली. कोणी हात लावला नाही. आपल्यातही पुढे कोणी काही बोललं नाही.

छोटं मॉडेल विश्वासार्ह नाही म्हणून बंद करण्यात आलं. तिला दुसऱ्या विभागात पाठवलं. साहेब आहेत तिथेच आहेत. पुढच्या विहिरीसाठी तिने दिवसभरात शेकडो जागा तपासून दिल्या असत्या. आम्ही तीन तपासल्या. तिन्ही साहेबांनी सुचवलेल्या होत्या.